पत्ते वाटणारा सर्व्हर बदलताना

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण लगेच पुढे ढकलू नका. यात एक हॉस्पिटल आहे, एक प्रिंटर आहे, एक वही आहे आणि माझी एक चूक आहे. चूक बऱ्यापैकी मोठी आहे. दोन वर्षं मी ती फक्त ऑफिसातल्या चहाच्या टपरीवर सांगत होते, आज पहिल्यांदा माइकसमोर सांगतेय.

आधी एक छोटं काम करा. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा. तिथे आयपी ॲड्रेस दिसेल. घरी असाल तर बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारा. हा पत्ता तुम्ही टाकलेला नाही. फोन वायफायला जोडला गेला तेव्हा कुणीतरी तो फोनला दिला. हे पत्ते वाटण्याचं काम ज्या पद्धतीनं होतं तिचं नाव डीएचसीपी. घरी हे काम राउटर करतो, मोठ्या ठिकाणी त्यासाठी वेगळा सर्व्हर असतो.

हे नवीन नाही बरं का. १९८५ मध्ये बूटपी नावाची पद्धत आली. त्यात कुठल्या मशीनला कुठला पत्ता द्यायचा, हे आधीच हातानं लिहून ठेवावं लागायचं. १९९३ मध्ये डीएचसीपीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आजही आयपीव्ही४ च्या नेटवर्कवर मूळ व्यवहार तोच चालतो. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपास ठरलेला नियम माझा फोन रोज पाळतोय.

आता हे चालतं कसं? पुण्यात भाड्यानं राहिलेल्यांना लगेच कळेल. फोन नेटवर्कमध्ये आला की तो ओरडतो, 'कुणी खोली देतं का खोली?' ही झाली डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, 'ही घे, १९२.१६८.१०.७२ रिकामी आहे.' ही ऑफर. फोन म्हणतो, 'चालेल, हीच द्या.' ही रिक्वेस्ट. सर्व्हर म्हणतो, 'दिली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं.' ही ॲक्नॉलेजमेंट. चार वाक्यांत व्यवहार संपला.

पण खोली कायमची मिळत नाही. जसा आपला अकरा महिन्यांचा करार, तशी इथे मुदत असते. तिला लीज म्हणतात. विंडोज सर्व्हरवर ती मुदत ठरलेली नसेल तर ८ दिवसांची असते. आणि फोन शहाणा भाडेकरू आहे. मुदत संपायची वाट बघत नाही. निम्मी मुदत झाली की तो त्याच मालकाकडे जाऊन म्हणतो, 'वाढवून द्या.' मालक भेटलाच नाही, तर साडेसत्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर तो सगळ्या नेटवर्कमध्ये हाक मारतो, 'कुणीही असा, पण करार वाढवून द्या.' हे साडेसत्याऐंशी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर गोष्ट अशी. मी बीटेक करून एका छोट्या आयटी कंपनीत लागले. कोड लिहायचं काम होतं, पण छोट्या कंपनीत सगळ्यांना सगळं करावं लागतं. आमच्या एका क्लायंटचं हॉस्पिटल होतं, पुण्याहून चार तासांवर. तिथे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होता. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला बंद केला. म्हणजे त्यानंतर सुरक्षेचे अपडेट फुकट मिळणार नाहीत. हॉस्पिटलला नवीन सर्व्हर घेणं भाग होतं आणि जुन्यावरची कामं एकेक करून नव्यावर न्यायची होती. डीएचसीपी माझ्या वाट्याला आलं. मॅनेजर म्हणाले, 'दोन कमांड आहेत गं. शनिवारी रात्री कर, रविवारी परत ये.'

तिथे आयटी सांभाळणारे एक काका होते. वय अठ्ठावन्नच्या पुढे. मूळचे इलेक्ट्रिशियन. हॉस्पिटलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्याच हातात आला आणि तिथून पुढे सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, दुकानात उधारीची असते ना, तशी. त्यात सगळं लिहिलेलं. मी पोचल्या पोचल्या त्यांनी ती पुढे केली. म्हणाले, 'मॅडम, एकदा नजर टाका.' आणि मी काय म्हणाले? 'काका, राहू द्या. एक्सपोर्टमध्ये सगळं येतं.'

हे वाक्य मी विसरणार नाही.

माझी तयारी वाईट नव्हती, हेही सांगते. आठ दिवस आधीच मी ऑफिसातून लीजची मुदत ८ दिवसांवरून ४ तासांवर आणली होती. आठ दिवस आधी का? कारण मुदत तुम्ही आज कमी केली तरी फोनला ते आज कळत नाही. तो निम्मी मुदत झाल्यावर करार वाढवायला येईल तेव्हाच त्याला नवीन मुदत मिळेल. ८ दिवसांच्या लीजमध्ये चार दिवस तरी लागतात, म्हणून आठवडाभर आधी केलेलं बरं.

दुसरं, हॉस्पिटलच्या मागे नर्सिंग हॉस्टेलची वेगळी बिल्डिंग होती आणि तिचं नेटवर्क वेगळं. फोनची ती पहिली हाक राउटर ओलांडून जात नाही. मग पलीकडच्या बिल्डिंगची हाक सर्व्हरपर्यंत पोचवायला राउटरवर निरोप्या ठेवावा लागतो. त्याला रिले म्हणतात. त्या रिलेमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो. तो बदलायला विसरलात तर एवढी एक बिल्डिंग गुपचूप बंद पडते, तीही लगेच नाही, लीज संपेल तशी. मी नव्या सर्व्हरचा पत्ता आधीच जोडून ठेवला. एका रिलेत दोन पत्ते चालतात.

शनिवारी रात्री अकरा. पॉवरशेलमध्ये एक्सपोर्टची कमांड दिली. त्यात 'लीजेस' हा शब्द जोडला की सेटिंगबरोबर रजिस्टरही फाइलमध्ये येतं, म्हणजे सध्या कुठली खोली कुणाकडे आहे ते. तो जोडला. फाइल तयार झाली. लगेच जुनी सेवा थांबवली, परत आपोआप सुरू होऊ नये म्हणून डिसेबल केली. हे लगेच करायचं असतं, कारण एक्सपोर्टनंतर जुन्या सर्व्हरनं कुणाला पत्ता दिला तर तो फाइलमध्ये नसतो. मग नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये नव्या सर्व्हरला परवानगी दिली, जुन्याची काढली. ती परवानगी नसेल तर डोमेनमधला विंडोज सर्व्हर पत्ते वाटतच नाही.

इम्पोर्टच्या कमांडमध्येही 'लीजेस' हा शब्द लागतो. तो मी विसरले.

कमांड लाल झाली नाही. स्कोप आले, हातानं राखून ठेवलेले पत्ते आले, डीएनएसचे पत्ते आले. सगळं दिसत होतं. फक्त रजिस्टर कोरं होतं. म्हणजे वाड्याचा मालक बदलला, नवीन मालकाला किल्ल्या दिल्या, नियमांची पाटी दिली, पण भाडेकरूंची वही दिलीच नाही. त्याच्या दृष्टीनं अख्खा वाडा रिकामा.

गंमत बघा, तरीही काही बिघडलं नाही. मी जागी बसून बघत होते. चालू असलेल्या मशीननी निम्म्या मुदतीला जुन्या मालकाचं दार वाजवलं, तो नव्हता. मग साडेसत्याऐंशी टक्क्यांना सगळ्यांना हाक मारली, नव्या सर्व्हरनं ऐकली. मशीन म्हणाली, 'मी आधी ७२ मध्ये राहत होते, तीच द्या.' ७२ त्याच्या हिशेबानं मोकळीच, त्यानं दिली. चार तासांच्या लीजमध्ये हे सगळं अडीच वाजेपर्यंत आटोपलं. कोरं रजिस्टर आपोआप भरत गेलं आणि मला वाटलं, वा! मी पाठीवर सॅक टाकली आणि लॉजवर जाऊन झोपले.

पण रजिस्टरमध्ये नावं कुणाची आली? जे जागे होते त्यांची. जे बंद होते त्यांची नाही. आणि लॅबचा रिपोर्ट छापायचा प्रिंटर रात्री दहाला बंद करून लॅबवाले घरी जायचे.

सकाळी सव्वासातला काकांचा फोन. 'मॅडम, लॅबचा प्रिंटर छापत नाही.' रविवार होता, पण त्या दिवशी दोन ऑपरेशन ठरलेली होती, आणि रात्री ॲडमिट झालेल्यांचे रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात जायचे होते. मी पोचले तेव्हा लॅबच्या खिडकीबाहेर सात-आठ नातेवाईक उभे होते. एक आजी सगळ्यांना विचारत होत्या, 'आमच्या पोराचा कागद आला का?' आणि खिडकीतून उत्तर मिळत होतं, 'सर्व्हर डाउन आहे.' सर्व्हर डाउन नव्हता हो. सर्व्हर मस्त चालू होता. डाउन मी होते.

लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहिलेला होता, १९२.१६८.१०.५३. मी ५३ ला पिंग केलं. उत्तर आलं! झालं, माझा निष्कर्ष पक्का. नेटवर्क ठीक आहे, प्रिंटर किंवा ड्रायव्हर बिघडलाय. पुढची चाळीस मिनिटं मी ड्रायव्हर काढला, परत टाकला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, प्रिंट क्यू साफ केला. तोवर टेक्निशियन रिपोर्ट हातानं लिहीत होता आणि मावशी एकेक कागद घेऊन जिना चढत होत्या. माझ्यामागे उभं राहून कुणी काही बोललं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी काका म्हणाले, 'मॅडम, प्रिंटरलाच विचारा ना त्याचा पत्ता.' त्यांनी प्रिंटरच्या बटणांवरून त्याचं सेटिंगचं पान छापलं. त्यावर लिहिलं होतं १९२.१६८.१०.५८.

मग ५३ ला उत्तर कोण देत होतं? मी लॅबच्या कॉम्प्युटरवर एआरपीचा तक्ता बघितला. ५३ समोरचा मॅक ॲड्रेस प्रिंटरचा नव्हताच. तो निघाला रिसेप्शनच्या नव्या टॅबचा. पहाटे साडेपाचला तो पहिल्यांदा वायफायला जोडला गेला. सर्व्हरनं पहिला रिकामा पत्ता शोधला. ५०, ५१, ५२ वर रात्री जागी असलेली मशीन होती. पहिली रिकामी खोली ५३. दिली. साडेसहाला प्रिंटर चालू झाला, त्यानं आपली जुनी ५३ मागितली, सर्व्हर म्हणाला, तिथे माणूस आहे, तू ५८ घे. त्यानं घेतली. दोघांनीही नियम मोडला नाही. आणि रक्ताचे रिपोर्ट तासभर एका टॅबकडे जात होते.

काही जण म्हणतील, डीएचसीपीमध्ये पत्ता द्यायच्या आधी पिंग करून बघायची सोय असते, ती का नाही वापरली? वापरली होती. पण बंद असलेला प्रिंटर पिंगला काय उत्तर देणार?

खरी गोची वेगळीच होती. प्रिंटरला ५३ हा पत्ता कुणी राखून दिलेलाच नव्हता. रिझर्व्हेशन नव्हतं. जुना सर्व्हर बसला त्याच आठवड्यात प्रिंटर जोडला गेला, सुरुवातीचा एक पत्ता मिळाला, आणि कित्येक वर्षं तो रोज तोच मागत राहिला, सर्व्हर देत राहिला. सवयीनं तो त्याचा झाला. लॅबचं सॉफ्टवेअर टाकणाऱ्यानं त्या सवयीवर विसंबून आकडा लिहून टाकला. एक्सपोर्टच्या फाइलमध्ये तो रिझर्व्हेशनमध्ये कधीच दिसला नसता. लीजमध्ये दिसला असता, आणि तेवढंच मी आणलं नव्हतं.

काकांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'लॅब प्रिंटर ५३. बदलू नये.' खाली मॅक ॲड्रेस. खाली आणखी अकरा ओळी. एक्स-रेचा कॉम्प्युटर, मेडिकल स्टोअरचा बिलाचा प्रिंटर, हजेरीचं मशीन.

पुढचं काम दहा मिनिटांचं होतं. टॅबची लीज काढली, ५३ प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला राखून ठेवली, टॅब वायफायवरून तोडून परत जोडला, प्रिंटर बंद-चालू केला. पावणेनऊला पहिला रिपोर्ट छापला गेला. ऑपरेशनं थोड्या उशिरानं झाली, कुणाला काही झालं नाही. त्या आजींना कागद मिळाला. त्यांना वाटलं मी लॅबवाली आहे, म्हणाल्या, 'देव भलं करो तुझं.' काय बोलणार मी?

मग मी आणि काका वही घेऊन बसलो. त्यांनी एकेक ओळ वाचली, मी एकेक रिझर्व्हेशन टाकलं. बारापैकी आठ नव्हती. काम संपल्यावर मी त्यांना सॉरी म्हणाले, वही न बघितल्याबद्दल. ते म्हणाले, 'अहो, तुमच्या आधी दोघं येऊन गेले, त्यांनीही नाही बघितली. तुम्ही निदान आता बघितली.' मग चहा मागवला. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. ती वही नंतर कुणी उघडली असती का, माहीत नाही. म्हणून मी पानांचे फोटो काढले आणि सगळं एका शीटमध्ये टाईप करून हॉस्पिटलला दिलं.

आता तुमच्यापैकी जे हे काम करतात किंवा पुढे करणार आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात.

एक. इम्पोर्ट झाल्यावर जुन्या आणि नव्या सर्व्हरवरच्या लीजची संख्या शेजारीशेजारी ठेवा. स्कोप मोजा, रिझर्व्हेशन मोजा, लीज मोजा. मी आकडे बघितले असते तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

दोन. एका जागी दोन सुटे डीएचसीपी सर्व्हर एकाच पत्त्यांच्या यादीवर चालू ठेवू नका. दोघांची रजिस्टरं वेगळी, एकच खोली दोघांना जाईल. दोन हवे असतील तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून फेलओव्हर आहे. त्यात दोघं आपापली रजिस्टरं एकमेकांना कळवतात. पुढच्या क्लायंटकडे मी हाच रस्ता घेतला: नवा सर्व्हर जोडीदार केला, रजिस्टर आपोआप आलं, मग जुना सोडवला. फक्त जोडी तोडताना ती नव्या सर्व्हरवरून तोडा. ज्यावरून तोडाल त्याच्याकडे स्कोप राहतात, समोरच्याकडचे पुसले जातात. उलटं केलंत तर माझ्याऐवजी तुम्हाला पॉडकास्ट करावा लागेल. आणि सर्व्हर पातळीवरचे ऑप्शन फेलओव्हरमध्ये जात नाहीत, ते हातानं न्या.

तीन. पत्त्याबरोबर सर्व्हर आणखी काय वाटतो ते वाचा. गेटवे, डीएनएस. जुना सर्व्हर डीएनएसचंही काम करत असेल, तर नवा सर्व्हर इमानदारीनं सगळ्यांना त्या जुन्याचाच पत्ता सांगत राहील. मग दोन आठवड्यांनी तुम्ही जुना बंद कराल आणि 'इंटरनेट गेलं' म्हणून फोन येतील.

चार. लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडेही हेच आहे. आयएससीनं आपल्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं. त्याची जागा किआ घेतंय. जुनं कॉन्फिगरेशन किआच्या जेसन स्वरूपात बदलून देणारं टूल आहे, पण ते म्हणेल ते डोळे झाकून घेऊ नका, ओळ न् ओळ वाचा.

पाच. फोन आता प्रत्येक वायफायला वेगळा मॅक ॲड्रेस दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे चालू आहे. तुमच्या खाजगीपणासाठी चांगलंच आहे, पण फोनच्या नावावर पत्ता राखून ठेवायचा असेल तर तो मूळ मॅक ॲड्रेस चालणार नाही. आणि पाहुण्यांच्या वायफायवर लीज काही तासांचीच ठेवा, नाहीतर निघून गेलेल्या माणसांच्या नावावर खोल्या अडकून पडतात.

आणि सहावं. काम सुरू करायच्या आधी त्या इमारतीत एक फेरी मारा, आणि बंद असलेली प्रत्येक वस्तू कुणाची ते विचारा. विचारायला माणूस असतोच. कधी त्याच्या हातात वहीही असते.

काका आता गावी असतात, शेती बघतात. हा भाग टाकायच्या आधी मी त्यांना फोन करून विचारलं, सांगू का? म्हणाले, 'सांगा. पण ती टेस्ट पेज छापायची आयडिया माझी होती, तेवढं सांगा.'

काका, सांगितलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याही हातून असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव घेणार नाही. आणि आज घरी गेलात की प्रिंटरचा पत्ता एकदा बघून ठेवा.